युद्धकाळातील नागरी संरक्षण सेवक : आंतरराष्ट्रीय कायद्यातील संरक्षणाचा इतिहास आणि भारतीय स्थिती

प्रास्ताविक

युद्धविषयक कायद्याचा इतिहास सामान्यतः सैनिकापासून सुरू केला जातो. १८६४ च्या पहिल्या जिनिव्हा कराराने जखमी सैनिकाला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या वैद्यकीय पथकाला संरक्षण दिले. १९२९ मध्ये युद्धकैद्यांसाठी स्वतंत्र करार झाला. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने प्रथमच युद्धात सापडलेल्या सामान्य नागरिकाची सविस्तर दखल घेतली. या क्रमात एक वर्ग मात्र फार उशिरा, म्हणजे १९७७ मध्ये, कायद्याच्या दृष्टिपथात आला. भोंगा वाजताच लोकांना आसऱ्याच्या जागी नेणारा वॉर्डन, बॉम्बने पेटलेली इमारत विझविणारा अग्निशामक, ढिगाऱ्याखालून माणसे काढणारा स्वयंसेवक आणि बेवारस प्रेतांची विल्हेवाट लावणारा कर्मचारी यांचा हा वर्ग होय. यांना एकत्रितपणे 'नागरी संरक्षण सेवक' म्हटले जाते.

हा वर्ग उपेक्षित राहण्याचे कारण केवळ अनवधान नव्हते. नागरी संरक्षणाचे काम स्वभावतःच सीमारेषेवरचे आहे. हा सेवक लढत नाही. पण शत्रूच्या हल्ल्याचा परिणाम कमी करणे हेच त्याचे काम असल्यामुळे शत्रूच्या दृष्टीने तो पूर्णतः तटस्थही नसतो. त्याचा पोशाख, शिस्त आणि हुकूम देण्याघेण्याची पद्धत बहुधा लष्करासारखी असते. तो आज वस्तीतील आग विझवील आणि उद्या त्याच शहरातील दारूगोळ्याच्या कोठारातील. अशा माणसाला कायद्याने कोणत्या कामासाठी, कोणत्या मर्यादेत आणि कोणत्या किमतीवर संरक्षण द्यावे, हा प्रश्न सुमारे अर्धशतक आंतरराष्ट्रीय परिषदांपुढे होता. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेऊन त्याच्या प्रकाशात भारतीय कायद्याची स्थिती तपासली आहे.

दोन महायुद्धांच्या दरम्यान

पहिल्या महायुद्धात विमानांतून शहरांवर बॉम्ब पडू लागले, तेव्हाच रणभूमी आणि नागरी वस्ती यांतील जुने अंतर संपले. १९२३ मध्ये हेग येथे हवाई युद्धाच्या नियमांचा एक मसुदा तयार करण्यात आला; परंतु राष्ट्रांनी तो बंधनकारक करार म्हणून कधीच स्वीकारला नाही. कायदा थांबला तेव्हा व्यक्ती पुढे आल्या. फ्रेंच लष्करी वैद्यकीय सेवेतील सर्जन-जनरल जॉर्ज सेंट-पॉल यांनी १९३१ मध्ये पॅरिस येथे 'जिनिव्हा स्थळे' या कल्पनेसाठी एक संघटना स्थापन केली. स्त्रिया, मुले, वृद्ध व आजारी यांच्यासाठी युद्धकाळात काही भूभाग सर्व पक्षांनी सुरक्षित मानावेत, ही त्यांची कल्पना होती. १९३७ मध्ये ही संघटना जिनिव्हा येथे हलली. पुढे १९५८ मध्ये तिने आंतरराष्ट्रीय नागरी संरक्षण संघटना हे नाव धारण केले आणि १९७२ मध्ये ती आंतरसरकारी संघटना बनली.

सेंट-पॉल यांच्या कल्पनेत जागा सुरक्षित होती, माणूस नव्हे. मात्र सगळे शहर सुरक्षित क्षेत्रात हलविता येत नाही, हे दुसऱ्या महायुद्धाने निर्विवाद सिद्ध केले. लंडन, हॅम्बुर्ग, टोकियो येथील कोट्यवधी लोक आपापल्या घरीच राहिले आणि त्यांना वाचविण्यासाठी प्रत्येक युद्धमान राष्ट्राला लाखो माणसांची स्वतंत्र सेवा उभारावी लागली. ब्रिटनने १९३७ मध्येच हवाई हल्ल्यांपासून बचावाचा कायदा केला होता. त्या देशात युद्धसेवेत मरण पावलेल्या अग्निशामक स्त्री-पुरुषांची संख्या एक हजाराच्या आसपास आहे. आग विझविताना त्यांच्या डोक्यावर बॉम्ब पडला, तर त्यात कायद्याचा स्वतंत्र असा कोणताही भंग होत नव्हता.

मुंबईच्या इतिहासातील एक घटना या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती, त्याच जहाजावर कापसाच्या गाठी होत्या आणि सोन्याच्या लगडीही. आग विझविण्यासाठी जहाजावर चढलेल्या आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या मुंबई अग्निशमन दलाच्या ६६ जवानांचा त्यात अंत झाला. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ. ही आग शत्रूच्या हल्ल्याने लागलेली नव्हती, ती अपघाताने लागली होती. तरीही तिच्यातून उभा राहणारा प्रश्न महत्त्वाचा आहे. समजा ती आग शत्रूच्या बॉम्बने लागली असती, तर दारूगोळ्याच्या जहाजावरील आग विझविणारा अग्निशामक शहर वाचवीत होता की युद्धसामग्री? प्रत्यक्षात तो दोन्ही एकाच वेळी करीत होता. नागरी संरक्षणाच्या कायद्याची सगळी अडचण या एका उदाहरणात सामावली आहे.

१९४९ चा करार आणि नवी दिल्ली परिषद

१९४९ मध्ये जिनिव्हा येथे चार करार झाले, तेव्हा दुसऱ्या महायुद्धातील उद्ध्वस्त शहरांच्या आठवणी ताज्या होत्या. तरीही चौथ्या करारात नागरी संरक्षणाविषयी एकच उल्लेख सापडतो. कलम ६३ मध्ये राष्ट्रीय रेडक्रॉस संस्थांच्या कार्याला व्याप्त प्रदेशात मुभा देताना, अत्यावश्यक सार्वजनिक सेवा चालू ठेवणाऱ्या, मदत वाटणाऱ्या आणि बचावकार्य करणाऱ्या बिगर-लष्करी विशेष संघटनांनाही तेच तत्त्व लागू राहील, असे म्हटले आहे. म्हणजे शत्रूने प्रदेश ताब्यात घेतल्यानंतर बचाव पथकाला काम करू द्यावे, एवढेच. शहरावर प्रत्यक्ष हल्ला होत असताना त्याच पथकाला कोणते संरक्षण आहे, याविषयी करार मौन बाळगतो. हे मौन अर्थपूर्ण होते. विजयी राष्ट्रांनी स्वतःच नुकताच शहरांवर प्रचंड प्रमाणात बॉम्बवर्षाव केला होता आणि कारखान्यातील कामगाराला वाचविणारी सेवा ही शत्रूच्या युद्धप्रयत्नाचाच भाग आहे, हा समज अनेकांच्या मनात दृढ होता.

आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने १९५६ मध्ये नागरी लोकसंख्येला युद्धात असलेले धोके मर्यादित करण्यासाठी नियमांचा एक मसुदा सिद्ध केला. हा मसुदा १९५७ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या एकोणिसाव्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस परिषदेपुढे मांडला गेला. परिषदेने त्याचे तत्त्वतः स्वागत केले; पण सरकारांकडून पुढे काहीच घडले नाही. अण्वस्त्रांचा प्रश्न मसुद्यात गुंतलेला असल्यामुळे महासत्तांनी त्याला हात लावण्याचे टाळले. ही परिषद बहुधा चीनच्या प्रतिनिधित्वाच्या वादासाठीच आठवली जाते, हे काहीसे दुर्दैवाचे आहे. नागरिकांच्या संरक्षणाचा विषय वीस वर्षे लांबणीवर पडला, तो याच सुमारास.

याच वर्षी, २९ एप्रिल १९५७ रोजी, नागपूर येथे आपत्कालीन मदतकार्याचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था सुरू झाली. तिचेच रूपांतर १ एप्रिल १९६८ पासून राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालयात झाले. देशात नागरी संरक्षणाचे प्रशिक्षण उभे राहत होते आणि त्या प्रशिक्षितांना युद्धात कोणते कायदेशीर स्थान असेल, हा प्रश्न दिल्लीच्या परिषदेत अनुत्तरित राहत होता, असा हा योगायोग आहे.

१९७७ चा पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल

१९७४ ते १९७७ या काळात जिनिव्हा येथे चार सत्रांत राजनैतिक परिषद झाली. तिची फलश्रुती म्हणजे ८ जून १९७७ रोजी स्वीकारण्यात आलेले दोन अतिरिक्त प्रोटोकॉल. आंतरराष्ट्रीय सशस्त्र संघर्षाला लागू असलेल्या पहिल्या प्रोटोकॉलच्या १०२ कलमांपैकी ६१ ते ६७ ही सात कलमे नागरी संरक्षणाला वाहिलेली आहेत. वाटाघाटींत सर्वात कठीण ठरावी अशी गोष्ट म्हणजे प्रत्येक देशातील नागरी संरक्षणाची रचना भिन्न होती. स्वित्झर्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या प्रारंभापासून ती कायद्याने सक्तीची सेवा होती. सोव्हिएत संघात १९६१ पासून तिची सूत्रे संरक्षण मंत्रालयाकडे होती आणि प्रमुखपदी मार्शल चुइकोव्ह यांच्यासारखा सेनानी होता. इतर अनेक देशांत ती नगरपालिका, पोलीस व स्वयंसेवक यांची सैलसर बांधणी होती. या सर्वांना एका छत्राखाली आणणारी व्याख्या संघटनेच्या स्वरूपावरून करणे शक्य नव्हते.

परिषदेने काढलेला मार्ग सूज्ञपणाचा होता. कोण आहे यापेक्षा काय करतो, यावर व्याख्या आधारली गेली. कलम ६१ मध्ये पंधरा कामे मोजून दिली आहेत. धोक्याची सूचना देणे, लोकांचे स्थलांतर, आसऱ्यांची व्यवस्था, अंधारपट, बचाव, प्रथमोपचारासह वैद्यकीय सेवा व धार्मिक साहाय्य, अग्निशमन, धोक्याच्या जागा शोधून त्यावर खुणा करणे, दूषितीकरण दूर करणे, तात्पुरता निवारा व पुरवठा, संकटग्रस्त भागात सुव्यवस्था राखण्यासाठी तातडीची मदत, अत्यावश्यक सार्वजनिक सेवांची तातडीची दुरुस्ती, प्रेतांची तातडीची विल्हेवाट, जगण्यासाठी आवश्यक वस्तूंचे जतन आणि या सर्वांना पूरक अशी कामे. मात्र या कामांचा हेतू नागरी लोकसंख्येचे शत्रुत्वाच्या कृत्यांपासून वा आपत्तींपासून रक्षण करणे, त्यांच्या तात्कालिक परिणामांतून सावरण्यास मदत करणे आणि तिच्या जगण्याची सोय करणे हाच असला पाहिजे. यादीपेक्षा हे हेतुवाक्य अधिक महत्त्वाचे आहे. आग विझविणे हे काम यादीत आहे. पण लष्करी विमानतळावरील आग केवळ विमाने वाचविण्यासाठी विझविली, तर ते या कलमाच्या अर्थाने नागरी संरक्षण ठरत नाही. शिवाय संघटना संघर्षातील पक्षाच्या सक्षम अधिकाऱ्यांनी स्थापन केलेली वा अधिकृत केलेली असावी आणि ती व तिचे सेवक या कामालाच सर्वस्वी वाहिलेले असावेत, अशीही अट आहे.

कलम ६२ अन्वये नागरी संरक्षण संघटना व त्यांचे सेवक यांचा आदर व रक्षण झाले पाहिजे आणि अपरिहार्य लष्करी गरज वगळता त्यांना आपले काम करण्याचा हक्क आहे. याच कलमाचा दुसरा परिच्छेद फारसा चर्चिला जात नाही, पण तो अत्यंत मोलाचा आहे. जे नागरिक कोणत्याही संघटनेचे सदस्य नसताना सक्षम अधिकाऱ्यांच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन त्यांच्या नियंत्रणाखाली नागरी संरक्षणाचे काम करतात, त्यांनाही हेच संरक्षण मिळते. भारतासारख्या देशात, जिथे संकटात गणवेशधारी स्वयंसेवकांआधी गल्लीतील माणसेच धावून येतात, तिथे या परिच्छेदाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

कलम ६५ संरक्षण केव्हा संपते ते सांगते. सेवकाने आपल्या कामाच्या बाहेर जाऊन शत्रूला हानिकारक कृत्य केले, तरच संरक्षण संपते. तेही शक्य तिथे वाजवी मुदतीची पूर्वसूचना देऊन आणि ती दुर्लक्षिली गेल्यानंतर. लष्करी अधिकाऱ्यांच्या निर्देशाखाली काम करणे, काही सैनिकांशी सहकार्य करणे, नागरिकांना वाचविताना ओघाने जखमी सैनिकालाही त्याचा लाभ होणे, लष्करी धर्तीवर रचना असणे वा सेवा सक्तीची असणे या गोष्टी हानिकारक कृत्ये मानल्या जात नाहीत. सुव्यवस्थेसाठी वा स्वसंरक्षणासाठी हलकी वैयक्तिक शस्त्रे बाळगता येतात. मात्र जमिनीवरील लढाई चालू असलेल्या भागात ती पिस्तूल, रिव्हॉल्व्हर यांपुरती मर्यादित ठेवण्याची दक्षता पक्षांनी घ्यायची आहे. सोव्हिएत पद्धतीच्या रचनेसाठी कलम ६७ ची सोय झाली. त्यानुसार सैन्यातील व्यक्ती वा तुकड्या नागरी संरक्षणासाठी कायमस्वरूपी नेमता येतात, पण मग त्या संपूर्ण संघर्षात त्यांनी दुसरे कोणतेही लष्करी काम करू नये आणि आपल्या राष्ट्राच्या भूमीतच काम करावे, असे बंधन आहे. पकडले गेल्यास ते युद्धकैदी ठरतात.

कलम ६६ ने या सेवेला एक चिन्ह दिले : नारिंगी पार्श्वभूमीवर निळा समभुज त्रिकोण. रेडक्रॉसला मिळालेली प्रसिद्धी या त्रिकोणाला कधीच मिळाली नाही आणि ही केवळ प्रसिद्धीची बाब नाही. दुरून विमानातून पाहणाऱ्या वैमानिकाला जे चिन्ह ओळखता येत नाही, त्याचा उपयोग कागदापुरताच राहतो.

प्रोटोकॉलमुळे अधिक काय मिळते

प्रोटोकॉल न स्वीकारलेल्या राष्ट्रातील नागरी संरक्षण सेवक पूर्णतः असुरक्षित असतो, असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल. तो नागरिक आहे आणि नागरिकावर हेतुतः हल्ला करता येत नाही, हा नियम रूढीने सर्वच राष्ट्रांवर बंधनकारक आहे. परंतु सामान्य नागरिकाचे संरक्षण आणि नागरी संरक्षण सेवकाचे संरक्षण यांत महत्त्वाचा फरक आहे. सामान्य नागरिकाने धोक्याच्या जागेपासून दूर जावे, अशी कायद्याची अपेक्षा असते. नागरी संरक्षण सेवकाचे कर्तव्य त्याच धोक्याच्या दिशेने जाणे हे असते. म्हणून त्याला केवळ जिवंत राहण्याचा नव्हे, तर काम करण्याचा हक्क लागतो. व्याप्त प्रदेशात आपली साधने जप्त होणार नाहीत याची हमी लागते. संशय आल्यास थेट गोळीऐवजी आधी सूचना मिळावी लागते. आणि ओळखचिन्ह लागते. या चारही गोष्टी १९७७ च्या प्रोटोकॉलमधून येतात. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रूढीजन्य कायद्याच्या अभ्यासात १६१ नियम संकलित केले आहेत. वैद्यकीय, धार्मिक आणि मानवतावादी मदतकार्यातील कर्मचाऱ्यांना त्यात स्वतंत्र नियम आहेत, नागरी संरक्षण सेवकाला मात्र नाही. १९९८ च्या रोम संविधीतही वैद्यकीय पथके, मानवतावादी मदत पथके आणि जिनिव्हा करारांची चिन्हे धारण करणारे यांच्यावरील हल्ल्यांचा गुन्हा म्हणून निर्देश आहे. निळ्या त्रिकोणाचा निर्देश नाही.

आणखी एक उणीव अधिक गंभीर आहे. अंतर्गत सशस्त्र संघर्षासाठीचा दुसरा प्रोटोकॉल परिषदेच्या अखेरच्या सत्रात पाकिस्तानच्या प्रतिनिधिमंडळाने मांडलेल्या संक्षिप्त मसुद्यानुसार मोठ्या प्रमाणात छाटण्यात आला. उरलेल्या २८ कलमांत नागरी संरक्षणाला जागा मिळाली नाही. आज जगातील बहुतेक संघर्ष अंतर्गत स्वरूपाचे आहेत, ही बाब लक्षात घेता या छाटणीची किंमत किती मोठी होती ते कळते. सिरियात २०१३ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या आणि 'पांढरी शिरस्त्राणे' म्हणून ओळखल्या गेलेल्या नागरी संरक्षण स्वयंसेवकांना तेथील तत्कालीन सरकारने दहशतवादी ठरविले. सरकारविरोधी भागात काम करणाऱ्या या पथकांना अधिकृत कोणी करायचे, याचे उत्तर कोणत्याही करारात नव्हते.

करार लागू असतानाही तो पाळला जातोच असे नाही. रशिया व युक्रेन दोघेही पहिल्या प्रोटोकॉलचे पक्ष आहेत. तरीही ४ एप्रिल २०२४ रोजी खार्किव्ह येथे पहिल्या हल्ल्यानंतर बचावासाठी पोहोचलेल्या पथकावर त्याच जागी दुसरा हल्ला झाला आणि तीन बचाव कर्मचारी ठार झाले. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये पोक्रोव्स्क येथेही थोड्या अंतराने झालेल्या दुसऱ्या हल्ल्यात आपत्कालीन सेवेचा एक वरिष्ठ अधिकारी मृत्युमुखी पडला. मदतीला येणाऱ्यांनाच लक्ष्य करणारी ही पद्धत नागरी संरक्षणाच्या संकल्पनेच्या मुळावर घाव घालते. गाझा पट्टीत २३ मार्च २०२५ रोजी रफाहमध्ये इस्रायली सैन्याच्या गोळीबारात पॅलेस्टाइन रेड क्रेसेंटचे आठ, नागरी संरक्षण दलाचे सहा आणि संयुक्त राष्ट्रांचा एक असे पंधरा कर्मचारी मारले गेले व त्यांचे मृतदेह वाळूत पुरलेले सापडले. इस्रायलने पहिला प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. एकाच प्रसंगी मरण पावलेल्या या पंधरा जणांपैकी आठ जणांच्या संरक्षणाला १८६४ पासूनची परंपरा होती. सहा जणांच्या विशेष संरक्षणाचा आधार असलेला करार मात्र त्या सैन्याच्या राष्ट्राला बांधील नव्हता.

भारतीय स्थिती

भारताने चारही जिनिव्हा करार १९५० मध्ये अनुसमर्थित केले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी जिनिव्हा करार अधिनियम, १९६० संमत केला. १९७७ चे प्रोटोकॉल मात्र भारताने स्वीकारलेले नाहीत. अंतर्गत संघर्षाच्या नावाखाली बाहेरील हस्तक्षेपाला वाव मिळेल, ही शंका त्यामागे होती. ती शंका मुख्यतः दुसऱ्या प्रोटोकॉलशी संबंधित असली, तरी पहिला प्रोटोकॉलही त्यासोबत बाजूला राहिला. पाकिस्तानने पहिल्या प्रोटोकॉलवर १९७७ मध्ये स्वाक्षरी केली, पण अनुसमर्थन केले नाही. परिणामी उपखंडातील दोन प्रमुख प्रतिस्पर्धी राष्ट्रांमध्ये युद्ध झाल्यास त्यांच्या नागरी संरक्षण सेवकांना कलम ६१ ते ६७ चा आधार नाही. जगातील १७० हून अधिक राष्ट्रांनी जे स्वीकारले, त्याबाहेर हे दोन्ही देश आहेत.

देशांतर्गत कायद्याचा विचार केल्यास चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. १९६२ च्या चीन युद्धाने आणि १९६५ च्या युद्धाने जे शिकविले, त्यातून नागरी संरक्षण अधिनियम, १९६८ आला. त्यातील व्याख्येनुसार, प्रत्यक्ष लढाईत मोडत नाहीत अशा, कोणत्याही व्यक्तीचे, मालमत्तेचे, ठिकाणाचे वा वस्तूचे शत्रूच्या हल्ल्यापासून रक्षण करणाऱ्या किंवा त्या हल्ल्याचा परिणाम संपूर्णतः वा अंशतः निष्फळ करणाऱ्या सर्व उपाययोजना म्हणजे नागरी संरक्षण होय. जिनिव्हाच्या व्याख्येशी ही ताडून पाहिली की अंतर स्पष्ट होते. जिनिव्हाची व्याख्या नागरी लोकसंख्येभोवती फिरते. भारतीय व्याख्या हल्ल्याभोवती. 'कोणतीही वस्तू' या शब्दांत कारखाना येतो, पूल येतो, आणि लष्करी विमानतळाची धावपट्टीही येते.

हा केवळ शाब्दिक काथ्याकूट नाही, हे १९७१ च्या युद्धातील भुजच्या प्रसंगावरून दिसते. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी विमानांच्या बॉम्बवर्षावाने भुज येथील हवाई तळाची धावपट्टी निकामी झाली. तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक हे होते. मनुष्यबळ अपुरे होते. तेव्हा प्रशासनाच्या हाकेला ओ देऊन शेजारच्या माधापर गावातील सुमारे ३०० स्त्रिया कामाला आल्या आणि हल्ल्यांच्या छायेत, भोंगा वाजला की आसरा घेत, सुमारे तीन दिवसांत त्यांनी धावपट्टी पुन्हा वापरण्याजोगी केली. या धैर्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. २०२१ मध्ये त्यावर हिंदी चित्रपटही निघाला.

कायद्याच्या कसोटीवर मात्र हा प्रसंग अस्वस्थ करणारा आहे. १९६८ च्या अधिनियमाच्या व्याख्येत हे काम सहज बसते : ते प्रत्यक्ष लढाई नव्हते आणि शत्रूच्या हल्ल्याचा परिणाम निष्फळ करणारे होते. १९७७ चा प्रोटोकॉल त्या वेळी अस्तित्वात नव्हता. पण तो असता आणि भारताने स्वीकारलेलाही असता, तरी या स्त्रियांना नागरी संरक्षण सेवकाचे संरक्षण मिळाले नसते. अडचण सदस्यत्वाची नव्हती, कारण आवाहनाला प्रतिसाद देणाऱ्या सामान्य नागरिकालाही कलम ६२ सामावून घेते. अडचण कामाची होती. लष्करी धावपट्टी ही अत्यावश्यक सार्वजनिक सेवा नव्हे, आणि तिची दुरुस्ती नागरी लोकसंख्येच्या रक्षणासाठी केलेली मानता येत नाही. त्या स्त्रिया नागरिकच राहिल्या असत्या, त्यांना होणारी संभाव्य हानी हल्लेखोराला लष्करी लाभाशी तोलून पाहावी लागली असती. पण धावपट्टी हे वैध लक्ष्य होते आणि त्या तिच्यावर उभ्या होत्या. असे काम म्हणजे शत्रुत्वाच्या कृतीत थेट सहभाग ठरते का, यावरही तज्ज्ञांत मतभेद संभवतात. राष्ट्र ज्यांचा वीरांगना म्हणून गौरव करते, त्यांना कोणत्या धोक्यात उभे केले होते, याचा हिशेब गौरवाच्या भाषणांत क्वचितच येतो.

दुसरी अडचण रचनेची आहे. मुंबई प्रांतात ६ डिसेंबर १९४६ रोजी जातीय दंगलींच्या पार्श्वभूमीवर होमगार्ड दल स्थापन झाले. होमगार्ड आणि नागरी संरक्षण यांचे प्रशासन अनेकदा परस्परांशी जोडलेले असते. होमगार्ड हा पोलिसांचा साहाय्यक, आणि सीमावर्ती राज्यांतील त्याची सीमा शाखा ही सीमा सुरक्षा दलाची साहाय्यक. प्रशासकीय सोयीच्या दृष्टीने ही जोडणी समर्थनीय आहे, खर्चही वाचतो. परंतु जिनिव्हाच्या कसोटीत 'सर्वस्वी वाहिलेला' हा शब्द आहे. सकाळी सीमेवर गस्त घालणारा आणि संध्याकाळी आसऱ्याची व्यवस्था पाहणारा एकच माणूस असेल, तर त्याच्या सहकाऱ्यांच्या संरक्षणावरही शंकेची छाया पडते. शत्रूचा सैनिक गणवेश पाहतो. नेमणुकीचा आदेश वाचायला थांबत नाही.

भारतीय नागरी संरक्षण संघटनेच्या बारा सेवा (मुख्यालय, वॉर्डन, संदेशवहन, अग्निशमन, जखमींची सेवा, प्रशिक्षण, बचाव, कल्याण, आगार व वाहतूक, मालमत्ता बचाव, प्रेत विल्हेवाट व पुरवठा) पाहिल्या, तर त्यांतील बहुतेक कामे कलम ६१ च्या यादीशी जुळतात. म्हणजे व्यवहारात भारतीय संघटना जिनिव्हाच्या चौकटीपासून फार दूर नाही. दूर आहे तो कायद्याचा मजकूर. २००९ च्या दुरुस्तीने, जी २०१० च्या प्रारंभी अमलात आली, आपत्ती व्यवस्थापनाचा समावेश अधिनियमात केला. त्या वेळी युद्धविषयक व्याख्येची फेरतपासणी करण्याची उत्तम संधी होती. ती घेतली गेली नाही. पूर, भूकंप यांनाच महत्त्व आले आणि शत्रूच्या हल्ल्याचा विचार जुन्या मजकुरात तसाच पडून राहिला.

मे २०२५ मध्ये हा जुना मजकूर पुन्हा जागा झाला. ७ मे २०२५ रोजी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव घेण्याचे आदेश निघाले. महाराष्ट्रात मुंबई, उरण व तारापूर ही ठिकाणे सर्वाधिक संवेदनशील श्रेणीत होती. लगेच ९ मे रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना नागरी संरक्षण नियम, १९६८ मधील नियम ११ खालील आपत्कालीन अधिकार वापरण्यास कळविले. १९७१ नंतर जन्मलेल्या पिढीने भोंगा आणि अंधारपट प्रथमच अनुभवला. स्वयंसेवकांची नोंदणी झाली, त्यांना प्रथमोपचार आणि स्थलांतराचे धडे देण्यात आले. उरण आणि तारापूर ही दोन्ही ठिकाणे अशी आहेत, की जिथे नागरी वस्ती आणि शत्रूच्या दृष्टीने मोलाची प्रतिष्ठाने एकमेकांना खेटून आहेत. फोर्ट स्टिकिनवरील अग्निशामकांपुढचा प्रश्न तेथील स्वयंसेवकापुढे कोणत्याही दिवशी उभा राहू शकतो.

प्रोटोकॉल स्वीकारण्याचा निर्णय हा व्यापक राजकीय धोरणाचा भाग आहे आणि तो एका विषयापुरता घेतला जाणार नाही, हे उघड आहे. तथापि काही गोष्टींसाठी अनुसमर्थनाची वाट पाहण्याचे कारण नाही. अधिनियमाच्या व्याख्येतच नागरी लोकसंख्येसाठीची कामे आणि लष्करी प्रतिष्ठानांसाठीची कामे वेगळी करता येतात. होमगार्ड व नागरी संरक्षण यांची युद्धकाळातील नेमणूक परस्परांपासून तोडता येते. संकटकाळी लष्करी तळावर मदतीला बोलाविलेल्या नागरिकाला त्याच्या बदललेल्या कायदेशीर स्थितीची कल्पना देणे हे तर कोणत्याही कराराविना करता येण्यासारखे आहे. चिन्हाच्या बाबतीत स्थिती अशी, की जिनिव्हा करार अधिनियम, १९६० रेडक्रॉस व त्यासोबतच्या जुन्या चिन्हांच्या अनधिकृत वापराला शिक्षा सांगतो. तो १९७७ पूर्वीचा असल्यामुळे निळ्या त्रिकोणाचा त्यात उल्लेख असणे शक्यच नव्हते, आणि त्यानंतरही तो त्यात घालण्यात आलेला नाही.